माळ्यावर सापडलेला ३८६ आणि फ्लॉप्या: चालू करून बघू का?

चालू करू नका. आणि मशीन भंगारात तर मुळीच देऊ नका.

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या छापखान्यातलं ३८६ मशीन, म्हणजे जुना संगणक, आणि फ्लॉप्यांचे डबे माळ्यावर सापडलेत. मशीन सरळ सुरू करून बघावं, की भाऊ म्हणतो तसं यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मागवून फ्लॉप्या तेवढ्या कॉपी कराव्यात आणि मशीन देऊन टाकावं? तुमच्या भावाचं हे म्हणणं मी फार पूर्वीपासून ऐकत आलोय. माझे एके काळचे भागीदार शब्दशः हेच म्हणायचे, आणि त्यापायी एका मास्तरांचं आयुष्यभराचं काम मातीत जायची वेळ आली होती. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी यूएसबी ड्राइव्हचं. तो फक्त साडेतीन इंची फ्लॉपी वाचतो. सव्वापाच इंचीला त्याचा काही उपयोग नाही. साडेतीन इंचीतसुद्धा पहिला सेक्टर, म्हणजे चकतीवरचा मजकुराचा पहिला तुकडा, खराब निघाला की विंडोज 'डिस्क फॉरमॅट करायची का?' असं विचारतं, आणि घाईत माणूस 'हो' म्हणतो. फ्लॉपी आत घालण्याआधीच तिच्यावर लिहिणं बंद करा. साडेतीन इंचीत कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवायची, सव्वापाचमध्ये कडेची खाच चिकटपट्टीने झाकायची. हे न करता फ्लॉपी ड्राइव्हला लावणारा माणूस माझ्या दुकानात टिकला नसता.

आता ती गोष्ट. १९९० च्या दशकात कोल्हापुरात मी भागीदारीत मशीन जोडून विकायचा आणि दुरुस्तीचा धंदा करत होतो. घाटाखाली आमची बरीच गिऱ्हाइकं होती. त्यांत सावंतवाडीकडचा एक छापखाना होता. तिथल्या मशीनमध्ये सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड बसवलेलं होतं, त्यामुळे डॉसमधल्या (विंडोजच्या आधीची प्रणाली) डीबेस या नोंदी ठेवायच्या प्रोग्रॅममध्येसुद्धा थेट देवनागरी टाइप करता यायची. एक निवृत्त मास्तर संध्याकाळी छापखान्याचं काम आटोपलं की तिथे येऊन बसायचे आणि मालवणी शब्द आणि म्हणी भरायचे. शब्द, अर्थ, गाव, कोणाच्या तोंडून ऐकला, आणि मेमो फील्डमध्ये, म्हणजे लांब मजकुराच्या रकान्यात, वापराची वाक्यं. सगळं ३६० केबीच्या सव्वापाच इंची फ्लॉप्यांवर. हार्ड डिस्क छापखान्याची आहे, तिच्यावर आपला पसारा नको, असा त्यांचा बाणा होता.

त्या मशीनच्या ए ड्राइव्हची खोड माझ्या तेव्हाच लक्षात आली होती. त्याच्यावर लिहिलेली फ्लॉपी त्याच मशीनवर ठणठणीत चालायची, आमच्या दुकानात आणली की 'सेक्टर नॉट फाउंड'. आमची फ्लॉपी तिकडे नेली तरी तीच रड. मी भागीदारांना सांगितलं, लिहिणारं-वाचणारं हेड हलवणारी स्टेपर मोटर जागेवरून सरकलीय, अलाइनमेंट करून, म्हणजे ती जागेवर आणून द्यायला हवी. ते म्हणाले, 'फ्लॉप्या हलक्या कंपनीच्या आहेत, नवा डबा वीक. एवढ्या खोलात जायचे पैसे कोण देतं?' हेड सरकलेला ड्राइव्ह चुकीच्या जागी लिहितो आणि त्याच चुकीच्या जागी वाचतो, त्यामुळे वापरणाऱ्याला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो ड्राइव्ह गेल्यावर.

पुढे छापखान्याने पेंटियम घेतला. जुनं मशीन आम्ही परतीत घेतलं. मी म्हटलं, निदान तो ड्राइव्ह काढून ठेवू. त्यावर भागीदारांचं उत्तर होतं, 'डेटा फ्लॉपीत असतो, मशीन म्हणजे नुसता पत्रा.' आठवड्याच्या आत पत्रा भंगारवाल्याच्या गाडीत गेला.

मास्तर वारले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांची मुलगी फ्लॉप्या घेऊन माझ्याकडे आली. त्याआधी एका मोठ्या शहरातल्या डेटा रिकव्हरीवाल्यांनी 'फ्लॉप्या कोऱ्या आहेत' असं लिहून त्या परत केल्या होत्या. ती म्हणाली, 'काका, कोऱ्या फ्लॉप्यांवर बाबा नंबर आणि गावांची नावं कशाला घालतील?' भागीदारांना विचारलं तर त्यांनी रिकव्हरीवाल्यांचीच री ओढली. मी मात्र ते मशीन हाताळलेलं होतं. फ्लॉप्या कोऱ्या नाहीत हे मला त्या हातात घेण्याआधीच माहीत होतं.

पहिलं संकट बुरशीचं होतं. कोकणातले एवढे पावसाळे फ्लॉप्यांनी कपाटात काढलेले. पाकिटाच्या लांबट खिडकीतून चकती हळूहळू फिरवून बघितली तर राखाडी-पांढरे डाग. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घातली की बुरशी हेडला चिकटते, हेड चकतीवरचा थर खरवडतं, आणि पुढची चांगली फ्लॉपीही त्याच हेडखाली चिरली जाते. म्हणून पाकिटाची वरची कड ब्लेडने उघडली, चकती बाहेर काढली, साध्या पाण्यात द्रवसाबणाचा थेंब टाकून बोटांच्या टोकांनी धुतली, बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात खळबळली, सावलीत वाळवली आणि नव्या फ्लॉपीच्या पाकिटात सरकवली. प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसलं. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तेच आयपीए, पण ९९ टक्क्यांचं घ्या. औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये पाणी असतं.

दुसरं संकट त्या सरकलेल्या हेडचं. ३६० केबीच्या फ्लॉपीवर एका बाजूला ४० ट्रॅक, म्हणजे मजकुराची गोल वर्तुळं, असतात, इंचाला ४८ या हिशेबाने. १.२ एमबीचा ड्राइव्ह इंचाला ९६ ट्रॅक धरतो, म्हणजे त्याचं हेड अरुंद असतं आणि पावलं अर्धी असतात. नेहमीचा कंट्रोलर ३६० केबीची फ्लॉपी वाचताना त्याला एक सोडून एक जागेवर थांबवतो. मधल्या जागा कोणी बघतच नाही. मी ग्रीझवीझल नावाचं छोटं यूएसबी बोर्ड मागवलं. ते फाइली, सेक्टर वगैरे काही समजून घेत नाही. चकतीवर चुंबकीय दिशा कुठे कुठे बदलते एवढ्याची वेळ नोंदवून ठेवतं, अर्थ आपण नंतर सावकाश लावायचा. सव्वापाच इंची ड्राइव्हला ५ आणि १२ व्होल्टचा पुरवठा मात्र वेगळा द्यावा लागतो. त्याच्यावर १.२ एमबीचा ड्राइव्ह लावून मी ८० च्या ८० जागा वाचून घेतल्या.

सम जागांवर तुकडे-तुकडे आणि गोंगाट. विषम जागांवर स्वच्छ सेक्टर! ट्रॅक दोन जागांच्या मध्ये कुठेतरी लिहिले गेले होते. प्रत्येक सेक्टरच्या आधी त्याचा ट्रॅक नंबर लिहिलेला असतो आणि शेवटी सीआरसी, म्हणजे मजकूर बरोबर आहे का हे पडताळायचा आकडा, असतो, त्यामुळे हेड कुठल्या पावलावर होतं याने काही अडत नाही. सीआरसी जुळला की तो सेक्टर खरा. छापखान्यातल्या स्टेपर मोटरबद्दल मी जे सांगत होतो ते माझ्यासमोर पडद्यावर होतं.

काही फ्लॉप्यांवर बुरशीने नेमकी डिरेक्टरीच, म्हणजे फाइलींची यादीच, खाल्ली होती. तिथे डीबेसची रचना कामी आली. डीबेसच्या डीबीएफ फाइलमध्ये प्रत्येक नोंद सारख्याच लांबीची असते, त्यामुळे एक सापडली की पुढच्या मोजून काढता येतात. मेमोचा मजकूर वेगळ्या डीबीटी फाइलमध्ये असतो. डीबेस थ्रीमध्ये तिचे ठोकळे ५१२ बाइटचे, आणि फ्लॉपीचा सेक्टरही ५१२ बाइटचाच. नोंदीत ठोकळ्याचा नंबर असतो. फाइल सलग लिहिलेली असेल तर त्या नंबरावरून सेक्टर गाठता येतो. तुमच्या डब्यात डीबीएफ फाइली निघाल्या तर सोबतची डीबीटी सोडू नका. लोक हमखास एकच उचलतात आणि सगळी वाक्यं मागे राहतात.

मग पडद्यावर नुसत्या रेघा, चौकटी आणि मधूनमधून ग्रीक अक्षरं आली. शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, 'करप्ट आहे.' तो मजकूर अस्सल मराठी होता. जिस्टचा मजकूर इस्की कोडमध्ये असतो, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकातला. त्यात 'क' म्हणजे १७९, आणि साध्या डॉसमध्ये १७९ म्हणजे उभी रेघ. हलन्त २३२, तिथे ग्रीक फाय दिसतो. युनिकोडची देवनागरी मांडणीच इस्कीवर बेतलेली असल्यामुळे तक्ता करून बदलणं अवघड नाही. बदलल्यावर पहिली नोंद वाचता आली ती 'आवाठ', मग 'मांगर', मग 'व्हाळ'. मुलीने 'मांगर'खालचं वाक्य मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, हे आजी बोलायची.

सगळं आलं नाही. बुरशीने जिथे थरच खाल्ला होता तिथल्या नोंदी गेल्या. मास्तरांनी छापण्यासाठी डीबेसमध्ये केलेले प्रोग्रॅम छापखान्याच्या हार्ड डिस्कवर होते, तेही गेले. भागीदार आजही म्हणतात, 'शेवटी फ्लॉपीतूनच निघालं ना? मशीन कुठे लागलं?' ते मशीन असतं तर बुरशी धुऊन एका संध्याकाळी साध्या कॉपी कमांडने काम झालं असतं, आणि प्रोग्रॅमही मिळाले असते. आणि त्या ड्राइव्हची खोड माहीत असलेला माणूस योगायोगाने जिवंत होता म्हणून फ्लॉप्या कचऱ्यात गेल्या नाहीत. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय, इथेही सांगतो.

तुमच्या मशीनचं आता. झाकण उघडा आणि मदरबोर्डवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ आडवी, गोल, ३.६ व्होल्टची बॅटरी आहे का बघा. त्या काळच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या फुटतात आणि आतला अल्कली तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. ती आधी कापून काढा. हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाने पुसा, मग पाण्याने, मग आयपीएने, आणि नीट वाळू द्या. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बोर्डाला न लावता एखाद्या टाकाऊ हार्ड डिस्कच्या लोडवर तपासा, व्होल्टेज मोजा. परत जोडताना त्याच्या दोन कनेक्टरच्या काळ्या वायरी मध्ये एकमेकींशेजारी आल्या पाहिजेत. उलट लावलंत तर बोर्ड गेला.

बॅटरी मेली की बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, हार्ड डिस्कचे आकडे विसरतं आणि मशीन म्हणतं डिस्कच नाही. त्यावरून कोणी 'हार्ड डिस्क गेली' म्हणालं तर ऐकू नका. डिस्कवरच्या लेबलचे सिलिंडर, हेड आणि सेक्टर सेटअपमध्ये भरा, बऱ्याच बायोसमध्ये ते टाइप ४७ खाली जातं. आणि तुमच्या भावाला मुद्दाम सांगा: त्या काळातल्या बऱ्याच आयडीई जातीच्या हार्ड डिस्कना एलबीए, म्हणजे सेक्टर नुसत्या क्रमांकाने मागायची पद्धत, येत नाही, आणि आजचे यूएसबी अडॅप्टर एलबीएतच बोलतात. अशी डिस्क वाचायला तेच जुनं मशीन लागतं. मजकूर बाहेर काढायला एमएस-डॉस ६ मधलं दोन मशीन जोडणारं इंटरलिंक आणि एक सीरियल केबल पुरते.

काही गोष्टी राहिल्या. चकती धुणं हा शेवटचा उपाय आहे, डाग नसतील तर धुऊ नका, आणि आधी एखाद्या बिनकामाच्या फ्लॉपीवर हात बसवा. ३६० केबीच्या फ्लॉपीवर १.२ एमबीच्या ड्राइव्हने कधीही लिहू नका. सगळ्या फ्लॉप्या साडेतीन इंची असतील आणि स्वच्छ असतील तर माझ्या वरच्या खटाटोपातला निम्मा भाग तुम्हाला लागणार नाही. मॉनिटर मात्र उघडू नका, बंद असला तरी.

छापखाना होता म्हणजे पेजमेकरच्या (पानं मांडायचा प्रोग्रॅम) फाइली निघतील. त्यांत अक्षरांचे कोड नसतात, फॉन्टमधल्या आकारांचे असतात, प्रत्येक कंपनीचे वेगळे. तो नेमका फॉन्ट तुमच्या त्या हार्ड डिस्कवरच सापडायची शक्यता जास्त. शिवाय तेव्हाचं बरंचसं मराठी सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉकवर चालायचं. मशीनच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला आगपेटीएवढा प्लास्टिकचा तुकडा लावलेला असेल तर तो लॉक आहे. तो काढू नका, आणि माळा साफ करायला येणाऱ्यालाही काढू देऊ नका.