पाणी कोमट झालं की मासे जातात कुठे? : गळवाल्यांचे प्रश्न, दादाची उत्तरं

प्रश्न : दादा, खाडीच्या तोंडावर रोज सकाळी दहा ते दुपारी दोन पॉपर (पाण्याच्या वरच्या थरावर उडवायचं खोटं आमिष) मारतोय, पाणी मस्त नितळ, वारा पण नाही, तरी साधी एक हिट नाही. मासेच संपले का?

संपले नाहीत रे, दबून बसलेत. पाणी जितकं गरम तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी. समुद्राचं पाणी 20 अंशाला असेल तर लिटरमागे साधारण 7.4 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला तोच 6.2 च्या आसपास येतो, आणि गंमत म्हणजे नेमकं गरम पाण्यातच माशाचं शरीर जास्त जोरात चालतं, त्याला ऑक्सिजन जास्त लागतो. मग तो काय करणार, उथळ तापलेलं पाणी सोडून सावलीत, खोलात नाहीतर वाहत्या पाण्यात जाऊन बसणार. तू नेमका भर उन्हात थांबलेल्या पाण्यावर पॉपर मारतोयस.

पहाट, संध्याकाळ, रात्र हे तर आहेच, पण माझ्या मते घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं टेबल जास्त महत्त्वाचं. जिथे दिवसाला दोन भरत्या येतात तिथे पाणी चढायला किंवा उतरायला साधारण सहा तास लागतात, आणि त्यातलं निम्मं पाणी मधल्या दोन तासांत हलतं, पहिल्या आणि शेवटच्या तासात जेमतेम बाराव्या हिश्श्याएवढं. म्हणजे तिसरा आणि चौथा तास पकड. आणि भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे रोज दहा वाजता जाऊन बसलास तर कधी जोरात पाणी मिळेल, कधी पार मेलेलं.

ओहोटीला खारफुटीतली कोळंबी आणि बोईटांची पिल्लं पाण्याबरोबर बाहेर ढकलली जातात, त्यांची वाट बघत जिताडा (खाडीतला शिकारी मासा) प्रवाहात नाही, प्रवाहाच्या आडोशाला उभा असतो, खांबामागे नाहीतर पडलेल्या झाडामागे, तोंड पाणी येतं त्या दिशेला. ल्युअर (खोटं आमिष) त्याच्या पुढे, प्रवाह येतो त्या बाजूला टाक आणि पाण्याबरोबर वाहत येऊ दे, उलट्या दिशेने ओढलास तर त्याला ते खोटं वाटतं. गढूळ आणि स्वच्छ पाणी जिथे भेटतं ती रेघ दिसली तर तिच्या कडेकडेने आधी मार. जिताडा चावत नाही, तोंड झटकन उघडून पाण्यासकट आत ओढतो, 'धप्प' असा आवाज येतो, एकदा ऐकलास की विसरणार नाहीस.

प्रश्न : उधाण चांगलं की भांग?

खाडीसाठी उधाण, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती-ओहोटी, कारण पाणी पळतं; भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ते कमी हलतं. पण अमावस्या-पौर्णिमेच्या अगदी मोठ्या भरतीला चिखल आणि कचरा पण तेवढाच येतो, म्हणून मला स्वतःला भांगाकडून उधाणाकडे चढत जाणारे दिवस आवडतात. खोल खडपावर (पाण्याखालच्या खडकावर) जिगिंग, म्हणजे जिग हे धातूचं जड आमिष तळाला सोडून वरखाली उचकवणं, करायचं असेल तर सरळ भांग, नाहीतर जिग तळाला पोचेपर्यंत कुठच्या कुठे वाहून जातो.

प्रश्न : सर, जीटी (जायंट ट्रेवली मासा) लागतो, लांब पळतो आणि प्रत्येक वेळी शेवटी लाईन तुटते. 50 पौंडाची ब्रेडेड (विणलेली लाईन) आहे, अजून जाड घेऊ?

आधी ड्रॅग बघा, म्हणजे रीळचा ब्रेक, मासा किती जोरात ओढला की लाईन सुटायची ते. लाईनच्या ताकदीच्या पाव ते 30 टक्के, म्हणजे तुमच्यासाठी 12 ते 15 पौंड, आणि हे हाताने अंदाजाने नाही, स्प्रिंगच्या काट्याला लाईन बांधून मोजायचं. आता तुम्ही म्हणताय 'लांब पळतो आणि शेवटी', तिथेच खरी गोम आहे. स्पूलवरची (रीळच्या चकरीवरची) लाईन कमी होत गेली की त्याच सेटिंगला ड्रॅग वाढत जातो, लाईनच्या गुंडाळ्याचा व्यास निम्मा झाला की ड्रॅग दुप्पट! वर लाईन पाण्यातून ओढली जाते त्याचा ताण वेगळा. म्हणून मासा लांब गेला की ड्रॅग थोडा सोडा, घट्ट करू नका. जाड लाईनपेक्षा जाड लीडर (लाईनच्या टोकाला बांधायचा तुकडा) घ्या, ब्रेडेड खडकाला नुसती घासली तरी कापली जाते. हा मासा ताकदीला खरंच तसाच आहे, 2006 साली जपानच्या तोकारा बेटांजवळ पकडलेला विक्रमी जीटी 72.8 किलोचा होता.

प्रश्न : आम्ही मासे सोडून देतो पण काही पोट वर करून तरंगत राहतात. वाईट वाटतं.

वाटायलाच हवं, आणि बरं झालं विचारलंत. गरम पाण्यात हे जास्त होतं, मासा दमलेला असतो आणि दम भरून काढायला ऑक्सिजन कमी. नाजूक रॉडवर उगाच लांबवून खेळवू नका, जरा दणकट सामान वापरून लवकर जवळ आणा. हात ओले करा, शक्यतो पाण्यातच गळ काढा, फोटो एकच. मग त्याचं तोंड प्रवाहाकडे करून धरा, पुढेमागे हलवू नका, मागे ओढलं की कल्ल्यांत पाणी उलटं शिरतं. स्वतःहून शेपटी मारली की सोडा. आमिष लावून बसत असाल तर सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) वापरा, हिसका द्यायचा नाही, नुसती लाईन गुंडाळायची, गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

खोलातून आलेल्या तांबोशी, हेकरूचं प्रकरण वेगळं. 10 मीटरवरून वर येईपर्यंत दाब निम्मा होतो, पोटातल्या पिशवीतली हवा दुप्पट फुगते आणि मासा खाली जाऊच शकत नाही. तोंडातून फुग्यासारखं बाहेर येतं ते त्याचं जठर, त्याला टोचू नका! वजन लावलेल्या उलट्या गळाने किंवा डिसेंडरने (माशाला खाली नेऊन सोडायच्या साधनाने) त्याला परत खाली पोचवा. आणि मोठा जिताडा मिळाला तर कृपा करून सोडाच, जिताडे आधी नर असतात आणि वाढले की मादी होतात, म्हणजे तो मोठा मासा जवळपास नक्की अंडी घालणारी मादी.

प्रश्न : सुरमई, कुपा ठेवायचा असेल तर बर्फ कधी?

लगेच. बोटीवर उन्हात पडलेल्या अशा माशात हिस्टामिन तयार होतं, अंगावर लाल चट्टे, डोकं दुखणं, उलट्या, आणि एकदा तयार झालं की शिजवून जात नाही. मासा मारा, रक्त काढा, बर्फात समुद्राचं पाणी घालून त्यात पूर्ण बुडवा, नुसत्या बर्फावर ठेवलेला मासा खालूनच गार होतो.