इंजिनवरचा रबरी पट्टा (अल्टरनेटर बेल्ट) दोनदा घट्ट केला तरी सकाळी गाडी चीं चीं करते, बेल्ट बदलावा का? घरी जमेल का?

तुम्ही लिहिलंय की पट्ट्याला एक पण चीर नाही. त्यावर जाऊ नका भावा, तिथंच फसायला होतं. पूर्वीचे पट्टे चिरायचे, आता जे ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर येतं ते सहसा चिरत नाही, टायरसारखं झिजत जातं. पट्टा पिळून आतली बाजू टॉर्चच्या उजेडात बघा, नव्या पट्ट्यात खाच व्ही सारखी निमुळती असते, झिजलेल्यात ती यू सारखी पसरट होते, मग पट्टा पुलीत, म्हणजे तो ज्या चाकावर फिरतो त्याच्या खाचेत, खाली टेकतो आणि कितीही ताणला तरी पकड घेत नाही. उलट जास्त ताणून अल्टरनेटरचं (बॅटरी चार्ज करतो तो) नाहीतर वॉटर पंपाचं बेअरिंग जातं, म्हणून तिसऱ्यांदा घट्ट करू नका.

आवाज येत असताना लांबूनच, हात आणि बाह्या सांभाळून, खाचांच्या बाजूला थोडं पाणी फवारा. आवाज क्षणभर बंद होऊन परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत, वाढला तर पट्टा घसरतोय.

घरी जमतं. इंजिन गार पाहिजे, चावी खिशात. पट्टा कुठून कसा फिरलाय त्याचा आधी मोबाईलवर फोटो काढा. तुमच्याकडं ताण हातानं ॲडजस्ट होतोय म्हणजे अल्टरनेटरचे बोल्ट सैल करून तो इंजिनकडं ढकलला की पट्टा निघतो. आता सगळ्यात महत्त्वाचं, पट्टा निघालेला असतानाच प्रत्येक पुली हातानं फिरवून बघा, खरखर लागली किंवा डुगडुगली तर ती आधी बदला.

हे मी जीव तोडून सांगतोय कारण माझ्या गाडीला नवा पट्टा घालताना ते कुणी बघितलं नव्हतं. दोन महिन्यांत गगनबावड्याच्या रस्त्याला, धो धो पावसात, आधी बॅटरीचा लाल दिवा लागला, पुढच्याच वळणाला स्टेअरिंग दगडासारखं जड झालं, मग टेंपरेचरचा काटा वर चढायला लागला, घरची मंडळी मागं बसलेली. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर जळक्या रबराचा वास आणि पट्ट्याच्या चिंध्या. छोट्या आयडलर पुलीचं, म्हणजे पट्ट्याला नुसती वाट देणाऱ्या चाकाचं, बेअरिंग जाम झालेलं. बऱ्याच गाड्यांत एकच पट्टा अल्टरनेटर, स्टेअरिंगचा पंप, वॉटर पंप सगळं फिरवतो हो, तो गेला की गाडी पुढं रेटायची नाही, इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं सील) जाईल.

पट्टा आणायला कोल्हापुरात उद्यमनगरात जाताना जुन्यावरचा नंबर घेऊन जा, ६पीके१०७० असेल तर सहा धारा (पट्ट्याच्या आतल्या लांब कडा) आणि लांबी १०७० मिलिमीटर. धारा एक जरी कमी असली तर घेऊ नका. बसवल्यावर प्रत्येक पुलीवर धारा खाचेत बसल्यात का ते बोट फिरवून बघा, एक खाच सरकून बसला तर पट्टा कडेनं उसवतो. ऑइल किंवा कूलंट गळून पट्ट्यावर येत असेल तर ती गळती पहिली बंद करा. आणि साबण, मेण, स्प्रे असलं काही लावायचं नाही. शे-दोनशे किलोमीटरनं नवा पट्टा थोडा बसतो, तेव्हा ताण परत एकदा बघून घ्या.