प्रश्न तुमचे: लेझर मोठा घेतला की सेन्सर तीक्ष्ण होतो का?

प्रश्न: आम्ही एम.एस्सी.च्या प्रकल्पात रुबिडियमच्या बाष्पाने भरलेल्या काचेच्या सेलमधून 795 नॅनोमीटरचा लेझर सोडून चुंबकीय क्षेत्र मोजतो. लेझरची शक्ती वाढवली की सिग्नल छान मोठा दिसतो, पण क्षेत्रातला बारीक बदल ओळखणं उलट अवघड होतं. गाइड सर म्हणतात, आणखी जास्त शक्तीचा लेझर मागवू. मागवावा का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: इतक्यात नको. सरांना माझा नमस्कार सांग आणि ते पैसे राखून ठेवायला सांग.

तुझं निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि उत्तर त्यातच आहे. रुबिडियम-87 चे अणू चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात, दर नॅनोटेस्लाला सुमारे 7 हर्ट्झ या वेगाने (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक, नॅनोटेस्ला म्हणजे त्याचा अब्जावा भाग). आपण मोजतो ती ही गिरकीची वारंवारता. ती किती बारकाईने कळेल हे दोन गोष्टींवर ठरतं: अनुनादाची रेषा, म्हणजे गिरकीच्या वारंवारतेपाशी आलेखावर दिसणारा सुळका, किती अरुंद आहे, आणि सिग्नल गोंगाटाच्या किती पट आहे. समज, रेषा 700 हर्ट्झ रुंद आहे, म्हणजे क्षेत्राच्या भाषेत 100 नॅनोटेस्ला. सिग्नल गोंगाटाच्या हजारपट असेल तर ढोबळमानाने 100 पिकोटेस्लाचा (नॅनोटेस्लाच्या दहाव्या भागाचा) फरक कळेल. सिग्नल तेवढाच ठेवून रेषा 70 हर्ट्झवर आणलीस, तर 10 पिकोटेस्ला.

लेझर इथे दोन कामं करतो. अणूंना एका दिशेला लावतो आणि तीच दिशा वाचतोही. अणू प्रकाश शोषतो तेव्हा त्याची चालू गिरकी मोडते. म्हणून शक्ती वाढवली की दिशेला लागलेले अणू वाढतात, सिग्नल फुगतो, पण प्रत्येक अणूची गिरकी लवकर तुटते आणि रेषा पसरते. साध्या गणितात सर्वांत चांगली जागा येते ती दिशा लावण्याचा दर आणि दिशा विसरण्याचा दर सारखे झाले की. तेव्हा अणूंचं ध्रुवण, म्हणजे एका दिशेला लागलेपण, जेमतेम निम्मं असतं. स्क्रीनवरचा सगळ्यात उंच सिग्नल त्या जागी नसतो, म्हणून उंचीकडे बघून लेझर लावणारा माणूस हमखास पुढे निघून जातो.

तेव्हा शक्ती पायरीपायरीने कमी कर आणि प्रत्येक वेळी रेषेचा उतार नोंदव. उंची सोड, उतार बघ. जमलं तर कामं वाटून दे: दिशा लावायला एक किरण, वाचायला दुसरा मंद किरण, आणि हा दुसरा प्रकाशाच्या अनुनादापासून, म्हणजे अणू प्रकाश शोषतात त्या वारंवारतेपासून, काही गिगाहर्ट्झ बाजूला सरकवलेला. मग अणू त्याला फारसे शोषत नाहीत, फक्त त्याच्या ध्रुवणाची दिशा, म्हणजे प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा, किंचित फिरवतात. ते फिरणं मोजायला ध्रुवणानुसार किरण दुभंगणारा प्रिझम आणि दोन फोटोडायोड लाव, आणि दोघांची वजाबाकी घे. लेझरच्या तीव्रतेतली चढउतार दोन्हींवर सारखी पडते, त्यामुळे तिचा मोठा भाग तिथेच जातो.

आता गोंगाट. आमच्या प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की मी त्याला आधी हेच करायला लावायची. लेझरपुढे काळा पुठ्ठा धरून स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती गोंगाट आहे याचा आलेख, घे: हा इलेक्ट्रॉनिक्सचा गोंगाट. पुठ्ठा काढ, पण लेझर अनुनादापासून दूर ने: आता प्रकाशाचा मिळाला. मग अनुनादावर ये. जी वाढ दिसेल ती बहुतेक खऱ्या चुंबकीय क्षेत्राची, म्हणजे सेन्सर ठीक आहे, खोली वाईट आहे. तीन आलेख एकावर एक ठेवल्याशिवाय काहीही विकत घ्यायचं नाही.

कॉलेजातल्या खोलीत बहुधा तिसरा आलेखच वर असतो. 50 हर्ट्झचा सुळका दिसेल, तो भिंतीतल्या वायरिंगचा. कॉइलचा पुरवठाही तपास. कॉइल 10,000 नॅनोटेस्ला क्षेत्र देत असेल आणि विद्युतप्रवाह लाखात एक भाग हलत असेल, तर 0.1 नॅनोटेस्ला, म्हणजे 100 पिकोटेस्ला गोंगाट तूच घालते आहेस. थोडा वेळ बॅटरीवर चालवून बघ. सेलजवळचे स्टीलचे स्क्रू काढून पितळेचे किंवा नायलॉनचे लाव. ‘स्टेनलेस आहे, चुंबकाला चिकटत नाही’ यावर विश्वास नको, 304 स्टील वाकवताना, आटे पाडताना चुंबकीय होऊ शकतं. आणि साडी नेसून प्रयोग करत असशील तर पदराची सेफ्टी पिन काढून ठेव. हसू नकोस, आमच्याकडे दारावर पिनांसाठी वाटी असे.

बाहेरचं चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या म्यू-मेटल या मिश्रधातूचं आवरण असेल तर ते आपटू देऊ नका. वाकवलं किंवा आपटलं की त्याची चुंबकीय पारगम्यता घसरते, आणि ती परत आणायची तर पुन्हा भट्टीत तापवावं लागतं.

प्रश्न: आमच्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या बांधकामात लोखंड वापरलेलं नाही असं ऐकतो. तिथे असा सेन्सर ठेवला तर मेंदूचं चुंबकीय क्षेत्रही मोजता येईल का?
– एक निवृत्त शिक्षक, अलिबाग

उत्तर: नाही सर, पण प्रश्न सुरेख आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय मोजणी 1904 मध्ये तुमच्या गावी हलवण्याची तयारी झाली. ट्रामच्या प्रवाहाने नोंदी बिघडल्या असत्या. जागा शांत आहे, पण रिकामी नाही. तिथे पृथ्वीचं क्षेत्र आहेच, 40 हजार नॅनोटेस्लाच्या वर, आणि सूर्यामुळे ते दिवसभरात काही दहा नॅनोटेस्लांनी हलतं. मेंदूचं क्षेत्र सुमारे 100 फेम्टोटेस्ला. 1 नॅनोटेस्लात दहा लाख फेम्टोटेस्ला असतात, यावरून अंदाज यावा.

शिवाय मेंदूसाठीचे बहुतेक सेन्सर पृथ्वीच्या क्षेत्रात चालत नाहीत. अणू एकमेकांवर आपटतात तेव्हा स्पिनची (ज्याच्यामुळे अणू छोट्या चुंबकासारखा वागतो त्या गुणाची) अदलाबदल होते आणि त्यांच्या गिरक्यांचा मेळ बिघडतो. विल्यम हॅपर आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1973 मध्ये एक विलक्षण गोष्ट दाखवली: बाष्प खूप दाट करा आणि क्षेत्र जवळजवळ शून्यावर आणा, म्हणजे एका गिरकीत अणू असंख्य वेळा आपटतात आणि सगळे एकत्रच फिरू लागतात. अदलाबदलीने होणारं नुकसानच संपतं. याच वाटेने प्रिन्स्टनमध्ये मायकेल रोमॅलिस यांच्या गटाने 2003 मध्ये 1 फेम्टोटेस्लाच्याही खालची संवेदनशीलता गाठली. 2018 मध्ये नॉटिंगहॅमच्या गटाने असे सेन्सर डोक्यावरच्या साच्यात बसवून, माणूस डोकं हलवत असताना मेंदूची मोजणी केली. आवरण घातलेली खोली आणि उरलेलं क्षेत्र मारणाऱ्या कॉइल मात्र लागल्याच.

वेधशाळेला हवी असते ती वर्षानुवर्षं न ढळणारी मोजणी. तो वेगळा धंदा आहे, आणि माझ्या मते अधिक कठीण.

प्रश्न: थंड अणू चांगले असं वाचलं होतं. मग हे लोक सेल तापवतात कशाला? आणि ‘स्क्वीझ्ड’ प्रकाशाचं काय?
– एक अभियंता, पुणे

उत्तर: तापवतात संख्येसाठी. खोलीच्या तापमानाला एका घन सेंटीमीटरमध्ये रुबिडियमचे सुमारे 10 अब्ज अणू बाष्परूपात असतात, 150 अंशांना त्याच्या साधारण दहा हजार पट. थंड केलेल्या अणूंचा ढग त्यापुढे विरळ, तो कामाचा ठरतो जिथे क्षेत्र मायक्रोमीटरच्या अंतरावर तपासायचं असतं. फक्त हीटरमध्ये सरळ डीसी सोडू नका, त्याचं स्वतःचं क्षेत्र सेलमध्ये जातं. पीळ घातलेल्या तारा आणि मोजणीच्या पट्ट्याबाहेरची, दहा-वीस किलोहर्ट्झच्या वरची एसी वापरा. सेलच्या काचा देठापेक्षा (रुबिडियम साठवलेल्या बारीक नळीपेक्षा) थोड्या गरम ठेवा, नाहीतर रुबिडियम नेमकं लेझरच्या वाटेवर साचतं.

स्क्वीझ्ड प्रकाशाने, म्हणजे ज्याच्या एका गुणातला क्वांटम गोंगाट दाबून कमी केला आहे अशा प्रकाशाने, 2010 मध्ये बार्सिलोनात 3.2 डेसिबलची सुधारणा मिळवून दाखवली गेली. काम सुंदर आहे. पण सांगलीच्या मुलीला सांगितलेले तीन आलेख काढून, प्रकाशाचाच गोंगाट सर्वांत वर आहे आणि तोही फोटॉन (प्रकाशकण) अनियमितपणे येण्याने होतो तेवढाच उरला आहे, असं दिसेपर्यंत तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही.