डाव्या बाजूच्या ऑपरेशननंतर फीट थांबली, पण नावं सुचत नाहीत

ताई, भावाच्या मेंदूच्या डाव्या टेम्पोरल लोबचं (कानाजवळच्या भागाचं) ऑपरेशन होऊन पाच महिने झाले, फीट एकदाही आली नाही, पण 'ते दे की... ते हे' असंच चाललंय आणि बेंगळुरूच्या रिपोर्टात 'स्मरणशक्ती फारच कमी' आलंय, असं तुम्ही लिहिलंय. आधी रिपोर्टाचं बघू, कारण मला शंका तिथंच आहे.

शब्दांची चाचणी कुठल्या भाषेत झाली? त्यात साधारण 15 शब्दांची यादी पाच वेळा ऐकवतात, प्रत्येक वेळी आठवतील तेवढे सांगायला लावतात आणि 20-30 मिनिटांनी पुन्हा विचारतात. बेळगावजवळच्या खानापूरकडचा माणूस कचेरीत, बसमध्ये कन्नड सहज बोलतो, पण घोकतो मराठीतच. त्याला कन्नड यादी दिली की अर्धा जीव शब्द पकडण्यातच जातो, आणि भाषेचे गेलेले मार्क आठवणीच्या नावावर लागतात. ऑपरेशनआधीची आणि नंतरची चाचणी एकाच भाषेतली असेल तरच तुलना करा. पुढच्या चाचणीला जायच्या आधी फोन करून मराठी यादी मिळेल का विचारा. दुभाष्या लागलाच तर घरचा नको. आपली माणसं नकळत खुणावतात.

तरी तक्रार खोटी नाही. टेम्पोरल लोबच्या आत हिप्पोकॅम्पस नावाचा आठवणींचा भाग असतो; डावीकडचा बहुतेकांत शब्द-नावं साठवतो, उजवा चेहरे आणि वाटा. गंमत अशी, की ऑपरेशनआधी ज्याची आठवण चांगली आणि एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस धडधाकट, त्याचंच जास्त जातं. आधीच सुकलेला भाग काढला तर गमवायला फारसं नसतं. 'सगळंच पुसलं जाईल' ही भीती मात्र सोडा. 1953 साली अमेरिकेत हेन्री मोलेसन यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हा भाग काढला आणि त्यांना नवीन काही लक्षातच राहीना. त्यानंतर ऑपरेशन एकाच बाजूचं करतात, तेही दुसरी बाजू भार पेलेल का हे बघून.

शब्द अडकणं सूज ओसरते तसं काही महिन्यांत बरंच सुटतं. वर्षानंतरही जे उरतं, त्याच्याशी जुळवूनच घ्यावं लागतं.

घरी एक चूक सगळे करतात: 'सांग बघू, ही कोण?' तो चुकीचं नाव घेतो आणि तेच डोक्यात बसतं. त्याऐवजी सरळ सांगा, 'ही सविता, पाटलांची थोरली सून, निपाणीची.' एका मिनिटानं विचारा, मग पाच मिनिटांनी, अर्ध्या तासानं, रात्री, दुसऱ्या दिवशी. अडला की लगेच सांगून टाका, ताटकळत ठेवू नका. काहींचं उलटं असतं: अर्ध्या तासाची परीक्षा पास, पण तीन आठवड्यांपूर्वीचं लग्न गायब. अशांनी त्याच रात्री फोटोखाली दोन ओळी लिहाव्यात आणि दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्यानं परत बघाव्यात. वही एकच. चिठ्ठ्या खिशात जातात आणि धुण्यात निघतात.

गोळ्यांना आठवड्याची खणांची डबी घ्या. 'घेतली का नाही' म्हणून दुसऱ्यांदा घेतली जाते. कार्बामाझेपिन हे फीटचं औषध जास्त झालं की चक्कर येते, एकाचे दोन दिसतात. खण रिकामा म्हणजे घेतली, वाद नको. टोपिरामेट ही फीटची दुसरी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, त्यानं शब्द सुचायला वेळ लागतो. पण फीट नाही म्हणून स्वतःहून एकही गोळी कमी करू नका.

भाऊ गप्प-गप्प असतो असंही तुम्ही ओघात लिहिलंय. ते बाजूला टाकू नका. या ऑपरेशननंतर पहिल्या काही महिन्यांत, फीट पूर्ण थांबलेल्यांनाही, उदासी येते आणि उदास माणसाची आठवण आणखी मंदावते. झोप-जेवण उडालं असेल किंवा 'कशाला जगायचं' असं बोलत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता आजच डॉक्टरांना फोन लावा, आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.