स्पेनच्या मायोर्का बेटावर डोंगरातल्या गावात बुटीक हॉटेल घ्यावं की समुद्रकाठी राहावं?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात पाच रात्री आहेत, सोबत सत्तरीचे सासू-सासरे आहेत आणि सोयेर शहराच्या वर डोंगरातल्या फोर्नालूच गावातलं एक छोटं हॉटेल मनात भरलंय. मग आधी सांगा, दोघांचे गुडघे कसे आहेत?

मी याच गावात मे महिन्यातच तीन रात्री राहिले, आईला घेऊन. आई अडुसष्टची, रत्नागिरीची, चढणीची सवय असलेली. हॉटेल म्हणजे कुणाचं तरी जुनं घर. आठ खोल्या, हातभर जाडीच्या दगडी भिंती, हिरव्या झडपांच्या खिडक्या. तळमजल्यावर पूर्वी ऑलिव्हचं तेल काढायचे, तिथे आता न्याहारीची टेबलं. वेबसाइटवरचे फोटो खरे होते, फक्त त्यात जिना नव्हता. खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गावातल्या गल्ल्याही पायऱ्यांच्याच, त्यामुळे टॅक्सीवाल्याने चौकात उतरवलं आणि पुढे चाकांची बॅग डोक्यावर घ्यायची तेवढी बाकी राहिली होती. यात हॉटेलचा दोष नाही, मी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा, ईमेलने, आणि तळमजल्याची खोली लेखी मागून घ्या.

आता ज्यासाठी जायचं ते. सकाळी झडप उघडली आणि आई म्हणाली, "अगो, हे तर गडगे!" समोरचा अख्खा डोंगर गडग्यांनी बांधलेला. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड बसवून केलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात वर ऑलिव्ह आणि खाली संत्री-लिंबं. इथल्या त्रामुंताना डोंगररांगेला २०११ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला तो या माणसाने घडवलेल्या रूपासाठी. १२२९ साली आरागॉन या ख्रिस्ती राज्याच्या राजाने बेट जिंकलं. त्याआधी तीनशेहून अधिक वर्षं इथे मुसलमानी राज्य होतं. पाणी खेळवायची विद्या बरीचशी तेव्हाची. पाटाला तिथे 'सेकिया' म्हणतात, शब्द अरबीच. शेजारच्या बिनियाराश गावाच्या नावातलं 'बिनि'ही अरबी, म्हणजे अमक्याची मुलं, अमक्याचं कूळ. आम्ही त्या गावापर्यंत चालत गेलो. आई वाटेत दर पाटापाशी थांबून पाणी कुठून वळवलंय ते बघत होती. माझे सगळे बेत त्यात बुडाले, पण ट्रिप तिथेच वसूल झाली.

वर बघत चाला. काही जुन्या घरांच्या वळचणीच्या कौलांवर खालच्या बाजूने गेरूने चित्रं काढलेली आहेत. कुणी सांगितलं नाही तर दिसतच नाहीत.

दुपारी गाव गजबजतं, भाड्याच्या गाड्या येतात, चौकात खुर्ची मिळत नाही. सहानंतर ती सगळी मंडळी किनाऱ्याकडे परततात. उरतात चर्चची घंटा, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा आणि चौकात गप्पा मारणाऱ्या म्हाताऱ्या. आम्ही दोघींच्या खोलीला रात्रीचे १८० युरो मोजले, न्याहारी धरून. ते या संध्याकाळचे. तुम्ही दिवसभर बेट पालथं घालून रात्री नऊला फक्त झोपायला येणार असाल, तर हे पैसे पाण्यात. यावर माणशी दर रात्री थोडा पर्यटन कर वेगळा लागतो. तो बहुधा हॉटेलातच भरायचा असतो.

सासू-सासरे शाकाहारी असतील तर हे नीट वाचा. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, हॅमला, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाला, तिथे बरेच जण मांसात धरतच नाहीत. हॅम नको हे वेगळं सांगायचं. सोब्रासादा नावाचा लाल, लसणीच्या चटणीसारखा दिसणारा प्रकार पावावर लावून देतात, ते डुकराचं मांस. तुंबेत मात्र बिनधास्त मागवा: वांगं, बटाटा, ढोबळी मिरची तळून वर टोमॅटोचा रस्सा. पा आंब ओली म्हणजे टोमॅटो चोळलेला पाव आणि ऑलिव्ह तेल. चीज घालून घ्या. आणि एन्साइमादा, ते पिठीसाखर भुरभुरलेलं सुंदर वेटोळं, त्याच्या नावातच 'साइम' आहे, म्हणजे डुकराची चरबी. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर आईने रोज एक खाल्लं होतं आणि "सुतरफेणीच्या तोंडात मारेल" असं प्रशस्तिपत्रही दिलं होतं. मी अजून सांगितलेलं नाही.

गाडी घेऊ नका असं माझं मत. डोंगरातला रस्ता अरुंद, वळणावळणाचा, वर सायकलस्वारांची रांग, आणि गावात गाडी लावायला जागा नाही. बेटाची राजधानी पाल्मा, तिथून सोयेरला १९१२ पासून चालणारी लाकडी डब्यांची आगगाडी आहे, तेरा बोगद्यांतून तासाभरात पोचवते. तिकीट महाग आहे आणि बाकं कडक, पण म्हातारी माणसं खूश होतात. सोयेरहून वर टॅक्सी. फोर्नालूचला बसही जाते, पण दिवसातून मोजक्याच, सामान घेऊन त्यांच्या भरवशावर राहू नका.

तुमच्या जागी मी असते तर तीन रात्री वर आणि शेवटच्या दोन खाली पोर्त दे सोयेरला, लिफ्ट असलेल्या साध्या हॉटेलात काढल्या असत्या. सोयेरहून तिथे १९१३ ची ट्राम थेट समुद्रापर्यंत नेते आणि किनाऱ्यालगतची वाट सपाट आहे. क्रम उलटा करू नका. शेवटी-शेवटी पाय दुखत असताना तो जिना नको.

आणि सासरे झोपेला हलके असतील तर घंटेच्या विरुद्ध बाजूची खोली मागा.