टोरोंटोत आईस स्केटिंगला कुठे जावं? रिंक कुठलीही चालेल, बूट कुठलाही नाही

प्रश्न असा आहे: मिसिसागात नवीन आलोय, मुलगी आठ वर्षांची आहे. टोरोंटोत स्केटिंगला चांगल्या जागा कोणत्या? आणि स्केट्स एक माप मोठे घेतले तर दोन-तीन हिवाळे निघतील ना?

दुसरा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. पण आधी जागांचं उरकते.

फोटो हवे असतील तर नेथन फिलिप्स स्क्वेअर. सिटी हॉलसमोर उन्हाळ्यात पाण्याचं तळं असतं, थंडीत त्याचीच रिंक होते. क्वीन किंवा ऑसगुड स्टेशनवरून चालत जाता येतं, स्केट्स भाड्याने मिळतात. शिकायला मात्र शनिवारी संध्याकाळी तिथे जाऊ नका. गर्दी तुफान असते आणि आईस हॉकीच्या रिंकला असते तशी धरून चालायला फळी तिथे नाही. फोर्ट यॉर्कजवळ गार्डिनर एक्स्प्रेसवेच्या खाली द बेंटवे आहे, 2018 साली सुरू झालेली 220 मीटरची वळणावळणाची वाट. डोक्यावर आख्खा हायवे असल्यामुळे हिमवर्षाव आणि पाऊस थेट अंगावर येत नाही. इटोबिकोत कर्नल सॅम्युअल स्मिथ पार्कमध्ये साधारण 250 मीटरची, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वाट आहे. हॉकीच्या काठ्यांना मनाई म्हणून मुलांना बरी. पण लेक ऑन्टारिओवरून येणारा वारा कान कापतो, आणि स्वतःचे स्केट्स घेऊनच जायचं. जेरार्ड स्ट्रीटच्या इंडिया बझारला सामान आणायला जाणार असाल तर शेजारीच ग्रीनवुड पार्क आहे. तिथली रिंक उघड्यावर असली तरी वर छप्पर आहे, त्यामुळे भुरभुर हिम पडतानाही खेळता येतं. तुमच्या घराजवळ म्हणाल तर स्क्वेअर वन मॉलच्या बाजूचं सेलिब्रेशन स्क्वेअर, आणि ब्रॅम्प्टनला गेज पार्क.

ही सगळी फिरायची ठिकाणं झाली. शिकण्यासाठी माझं मत ठाम आहे: शहराच्या बंदिस्त एरिनात 'लेझर स्केट'च्या, म्हणजे सगळ्यांसाठी मोकळ्या स्केटिंगच्या वेळेला जा. टोरोंटोत त्याला पैसे पडत नाहीत. कडेने फळी असते, वारा नसतो, बर्फ सपाट असतो. वेळापत्रकात 'शिनी' लिहिलेलं असेल तर तो हॉकीचा वेळ, पोरीला घेऊन घुसू नका. झांबोनी, म्हणजे बर्फ सपाट करणारी मशीन, फिरून गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी उतरलात तर उत्तम. ती मशीन वरचा खरवडलेला थर काढते आणि गरम पाण्याचा पातळ हात देते. गरम पाण्याने जुना बर्फ किंचित वितळतो, नवा थर त्याला चिकटून बसतो आणि खाचा भरून निघतात. उघड्यावरच्या रिंकचा बर्फही पाइपांनी गोठवलेलाच असतो, पण दुपारी ऊन पडलं की वर पाणी सुटतं. म्हणून बाहेर जायचं तर सकाळी जा.

आता बूट. 'वाढत्या अंगाचं घ्या' हे आपल्या रक्तातच आहे. गणवेशाला ठीक, स्वेटरला ठीक. स्केटला नाही. आमच्याकडचे एक काका दर नोव्हेंबरात नव्या मंडळींना हाच सल्ला देतात: एक माप मोठं, आत दोन मोजे, तीन वर्षं बघायला नको. या सल्ल्याचं काय होतं ते गेल्या जानेवारीत एका एरिनाच्या बाकावर बघा. तुमच्या मुलीच्याच वयाची एक मुलगी. रोजच्या बुटाचं माप तीन, स्केट्स घेतलेले चार, आत लोकरीचे दोन मोजे. फळी धरून उभी राहिली की दोन्ही घोटे आत कोसळायचे, पाती तिरकी व्हायची आणि पाय फाकत जायचे. वडील म्हणत होते, "हिचे घोटेच कच्चे आहेत." आई खाली वाकून नाड्या आणखी आवळत होती, म्हणजे पोरीचे पंजे बधिर होतील याची सोय करत होती. घोटे कच्चे वगैरे काही नव्हते. टाच बुटात मागे बसलेलीच नव्हती. पाऊल आत इकडेतिकडे सरकत असेल तर घोट्याला आधार मिळत नाही, मग कितीही आवळा.

भाड्याच्या खिडकीवरून दोन नंबरचा जोड घेतला. हो, रोजच्या बुटापेक्षा एक माप लहान. हॉकी स्केट्स साधारण एक ते दीड माप लहानच लागतात, हे दुकानातला सेलचा पोरगा दरवेळी सांगेलच असं नाही. एकच पातळ मोजा. पाय घालून टाच जमिनीवर दोनदा आपटायची म्हणजे ती मागच्या खोबणीत बसते. मग नाड्या: चवड्यावरच्या दोन-तीन भोकांत सैल, बोटं हलली पाहिजेत. पाऊल जिथे वर घोट्याकडे वळतं तिथे करकचून, सगळी पकड तिथेच असते. सगळ्यात वरच्या भोकांत पुन्हा थोडं सैल, कारण गुडघा पुढे वाकला नाही तर मूल ताठ उभं राहतं आणि मागे पडतं. उरलेली नाडी घोट्याभोवती गुंडाळायची नाही, नस दाबते. गाठ मारून आत खोचायची. बाकावरून उठली तेव्हा पाती सरळ उभी होती. वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला. काका, तुम्ही हे वाचत असाल तर तो जोड तुमच्याच सल्ल्याने घेतलेला होता.

दुकानात माप बघायची सोपी रीत आहे. नाड्या सोडून पाय पुढे सरकवायचा, बोटं टोकाला टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघायचं. वाढत्या मुलाला एक बोटभर चालेल. दोन बोटं मावली तर तो जोड परत ठेवा.

मुलगी म्हणून पांढरे फिगर स्केट्सच घ्यायचे, हेही डोक्यातून काढा. त्यांच्या पुढच्या टोकाला दाते असतात. नवशिक्याचा तोल पुढे गेला की ते बर्फात रुततात आणि माणूस तोंडावर आपटतो. हॉकी स्केटचं टोक गोल असतं. फिगर स्केटिंगच शिकवायचं असेल तर गोष्ट वेगळी, मग मापही वेगळ्या हिशोबाने बघावं लागतं.

नवा जोड घेतला की लगेच रिंकवर पळू नका. कारखान्यातून पाती बहुतेकदा बिनधारेची येतात. पात्याच्या तळाला लांबीभर खाच पाडतात आणि दोन्ही बाजूंना कडा उभ्या राहतात. बर्फ धरतात त्या कडा. अर्ध्या इंचाच्या गोलाईची धार मागा, शिकणाऱ्याला ती पुरते. पुन्हा धार लावायची ती दहा-पंधरा तासांच्या स्केटिंगनंतर. भाड्याचा जोड घेताना नख कडेवर आडवं हलकेच फिरवा. नखाचा भुगा निघाला तर धार आहे, नुसतं घसरलं तर जोड बदलून मागा, लाजू नका. आणि काँक्रीटवर चार पावलंही टाकू नका, धार तिथेच मेली. रबराच्या पट्टीवर चाललं तर चालतं. घरी येताच पाती कोरड्या फडक्याने पुसा. प्लॅस्टिकचं कव्हर चढवून ठेवलंत तर आतल्या ओलीने गंज चढतो.

बर्फावर उतरल्यावर पहिलं काम पडायला शिकवणं. गुडघे वाकवून कुशीवर, मांडीवर पडायचं आणि मुठी मिटायच्या, म्हणजे कुणाचं पातं बोटांवरून जाणार नाही. उठताना आधी हात आणि गुडघे टेकायचे, मग एक स्केट दोन हातांच्या मध्ये, हात त्या गुडघ्यावर आणि वर. ढकलत न्यायच्या त्या चौकटी मला आवडत नाहीत. मूल त्यांच्यावर रेलतं, कमरेत वाकतं, आणि चौकट काढली की पुन्हा शून्यापासून सुरुवात. त्यापेक्षा फळी बरी.

हेल्मेट हॉकीचंच हवं. सायकलचं डोक्याचा मागचा भाग पुरेसा झाकत नाही, आणि नवशिके मागेच पडतात. सहा वर्षांखालच्यांना टोरोंटोच्या रिंकवर ते सक्तीचं आहे. तुमची आठची असली तरी घालाच, आणि तुम्हीही घाला. आत जाड माकडटोपी कोंबू नका, हेल्मेट वर उचललं जातं. जीन्स नको, एकदा भिजली की संपलं.

लहान माप घ्या म्हटलं म्हणून बोटं दुमडतील इतकं लहान घेऊ नका. दहा मिनिटांत पाय बधिर झाले तर नाडी सोडून पुन्हा बांधा, तरी तेच झालं तर माप चुकलंय. तळं गोठलेलं दिसलं म्हणून त्यावर उतरू नका. एकट्याला निदान 15 सेंटिमीटर आणि घोळक्याला 20 सेंटिमीटर जाड बर्फ लागतो, आणि काठावरून बघून जाडी कळत नाही. रिंका दुरुस्तीला बंदही असतात, निघण्यापूर्वी शहराच्या साइटवर त्या दिवसाचं बघा.

पैशांचं म्हणाल तर मोठं माप घेऊन ते वाचत नाहीत. मार्चच्या सेलमध्ये घेतलेला जोडही फुकट जातो, नोव्हेंबरपर्यंत पाय वाढलेला असतो. पहिला हिवाळा भाड्यावर काढा. मग हंगामाच्या सुरुवातीला प्ले इट अगेन स्पोर्ट्ससारख्या दुकानातून वापरलेला, नेमक्या मापाचा जोड घ्या, पाती चांगली उंच शिल्लक आहेत ना ते बघून. पुढच्या वर्षी तोच जोड तिथे देऊन पुढचं माप घ्यायचं.