सासूबाईंना नाही, मलाच का चावते?

प्रश्न : माई, मी देवगड तालुक्यातल्या एका गावात राहते. नवरा जहाजावर, वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. मुलगी गेल्या वर्षी शिकायला रत्नागिरीला गेली. घरात मी, सासूबाई आणि आमची मांजर तारली. बंदरावर जाळ्यांच्या ढिगात सापडली तेव्हा तिचे डोळेही धड उघडले नव्हते. कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवली, आता अडीच वर्षांची आहे. संध्याकाळी ओटीवर माझ्या मांडीत येते, मी कुरवाळते, ती घुरघुरते आणि मध्येच माझ्याच हाताला चावते. पहाटे पाचला पायाची बोटं चावते, उठून दूध घातलं की गप्प. परवा खिडकीबाहेर बोका ओरडत होता, ही अंग फुगवून बसलेली. उचलायला गेले तर मनगटाला असा चावा घेतला की रक्तच आलं. हळद-चुना लावलाय, ठणकतंय. सासूबाई तिला हातसुद्धा लावत नाहीत, त्यांना मात्र ती कधी म्हणजे कधी चावत नाही! त्या म्हणतात, "मांजराक डोक्यार चढवलंस, आता भोग," आणि पोत्यात घालून बंदरावर सोडून ये म्हणतात. हेही फोनवर म्हणतात, आई म्हणते तसं कर. यांचा फोन आला नाही की मी तिलाच घेऊन बसते. जिला एवढा जीव लावला तीच अशी का वागते?

— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : अगं, मनगटाबद्दल तुला मी आधीच वेगळं कळवलं आहे. पण हळद आणि चुना हाताशी ठेवून बसलेल्या बाकीच्यांसाठी इथे पुन्हा लिहिते. मांजराचे सुळे सुईसारखे असतात. वरून भोक एवढंसं दिसतं, ते लगेच मिटतं आणि तोंडातले जंतू आत कोंडले जातात. बारा ते चोवीस तासांत हात सुजून लाल होतो तो त्यामुळे. मनगट आणि बोटं तर सगळ्यात नाजूक, कारण तिथे सांधे आणि शिरा अगदी वरच असतात. चावल्याबरोबर नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं. पंधरा म्हणजे पंधरा, घड्याळ बघून. मग हळद नाही, चुना नाही, तिखट तर नाहीच. थेट प्राथमिक आरोग्य केंद्र नाहीतर ग्रामीण रुग्णालय गाठायचं. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. रक्त आलं असेल तर जखमेत रेबीजचं सीरमही (विषाणूला लगेच अडवणारं इंजेक्शन) द्यावं लागतं, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का ते डॉक्टर बघतील. "घरचीच मांजर आहे" हे कारण चालत नाही. घरची मांजर रात्री कुठे जाते ते तिलाच माहीत. दहा दिवस ती ठणठणीत राहिली तर पुढच्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, पण पहिला डोस त्या दहा दिवसांची वाट बघत नाही. तारलीला स्वतःला लस दिली आहे का, हे तू लिहिलंच नाहीस. म्हणजे बहुतेक दिलेली नसणार.

आता तिच्या चावण्याकडे येऊ. तू तीन चावे एकाच पोत्यात भरलेस. ते तीन वेगळे आहेत आणि तिन्हींचं कारण वेगळं आहे.

मांडीतला चावा आधी घेते, कारण तुझं खरं दुखणं तिथे आहे. "मध्येच" चावते असं तू लिहितेस. मध्येच नाही गं. उद्या संध्याकाळी हात फिरवताना तिच्या तोंडाकडे बघू नकोस, शेपटीकडे बघ. आधी शेपटीचं नुसतं टोक हलायला लागेल, जमिनीवर टप टप आपटेल. मग पाठीवर, शेपटीच्या जरा वर, कातडी थरारून जाईल. कान बाजूला वळतील. बाहुल्या मोठ्या होतील. मान तुझ्या हाताच्या दिशेने फिरेल. एवढं सगळं सांगून झाल्यावर दात लागतात. आणि घुरघुर चालू होती म्हणून ती खुशीत होती, असं धरून चालू नकोस. मांजर दुखत असतानाही घुरघुरते, घाबरली तरी घुरघुरते.

पुष्कळ मांजरांना थोडं कुरवाळणं आवडतं आणि त्याच जागी तोच हात फिरत राहिला की नकोसं होतं. प्रेम आटलं वगैरे काही नसतं, कातडी वैतागते. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात २०१५ साली मांजरांना कुठे हात लावलेला चालतो हे पद्धतशीर तपासलं होतं. त्यात शेपटीच्या बुडाशी हात लावलेला सगळ्यात नापसंत ठरला. आपण मात्र डोक्यापासून शेपटीपर्यंत सरळ हात ओढतो. हनुवटी, गाल, कानाच्या पुढची जागा एवढ्यावर भागव. तीन-चारदा हात फिरव आणि थांब. तिने डोकं पुढे करून हाताला घासलं तर पुन्हा तीन-चारदा. नाही घासलं तर हात आपल्या मांडीवर. पोटाला तर हातच नको. उताणी लोळून पोट दाखवते तो विश्वास असतो, आमंत्रण नसतं.

आता सासूबाई. तुझ्या पत्राचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे बघ : "त्या तिला हातसुद्धा लावत नाहीत." म्हणूनच चावत नाही! त्या वाती वळत बसतात, ही येऊन पदराशी बसते, कंटाळली की उठून जाते. येणंही तिच्या मर्जीचं, जाणंही. मांजराने स्वतःहून काढलेली जवळीक जास्त वेळ टिकते आणि माणसाने ओढून आणलेली लवकर तुटते, असं झुरिकचे प्राणीवर्तनाचे अभ्यासक डेनिस टर्नर यांनी घरोघरच्या मांजरांचं निरीक्षण करून दाखवलं आहे. तुझ्या सासूबाईंना ते न वाचताच जमलं. त्यांना हे सांग, खूश होतील, आणि पोत्याचा विषय निदान आठवडाभर तरी निघणार नाही.

पहाटेच्या बोटांचं सोपं आहे. उजाडताना आणि तिन्हीसांजेला मांजर शिकारीच्या तयारीत असते. गोधडीखाली हलणारं बोट तिच्या लेखी उंदीर. त्यात तू उठून दूध घालतेस, म्हणजे चावलं की वाटी येते हा धडा तूच गिरवून घेतलास. (मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही, ते बंद केलंस तरी चालेल.) रात्री झोपण्याआधी तिला दमेपर्यंत खेळव, मग मासा-भात घाल. खेळून पोट भरलं की ती झोपते. सकाळचं खाणं तू उठल्यावर तासाभराने. पहिले काही दिवस ती जास्त त्रास देईल, त्या दिवसांत एकदा जरी उठून वाटी भरलीस की सगळं मुसळ केरात.

खेळवायचं म्हणजे हाताने नाही. ती आई आणि भावंडांशिवाय वाढली हे विसरू नकोस. पिल्लं एकमेकांशी मस्ती करतात, जोरात चावलं की दुसरं किंचाळून खेळ मोडतं, आई पंजा मारते, आणि दात किती लावायचे हे तिथे कळतं. तारलीला ती शाळा मिळालीच नाही. तिला भावंडांच्या जागी तुमचे हात मिळाले. काठीला काथ्याची दोरी बांध, टोकाला कोंबडीचं पीस. दिवसातून दोनदा दहा मिनिटं पळव आणि शेवटी पीस तिच्या तावडीत सापडू दे. नुसतं हुलकावण्या देत राहिलीस तर ती चिडून पुन्हा हातावरच येईल. खेळ झाला की दोरी उचलून ठेव. आणि घरात गरीची तंगूस (मासे धरायची नायलॉनची दोरी) पडलेली असेल तर ती आधी आवर. मांजराने दोरा गिळला की आतडं चुण्या पडून अडकू शकतं, मग बहुधा ऑपरेशनशिवाय इलाज नसतो.

बोक्याच्या वेळचा चावा तुझ्यासाठी नव्हताच. खिडकीच्या गजांपलीकडे शत्रू, त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, अंगात सगळा राग उसळलेला, आणि नेमका त्याच क्षणी मधे तुझा हात आला. अशी पेटलेली मांजर निवायला कधी कधी काही तास लागतात. तिला उचलायचं नाही, समजावायचं नाही. खिडकीचं दार लोटून घे, माजघरात अंधार कर आणि तिला एकटी सोड. तिची नसबंदी झाली नसेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी कर. माजावरच्या मांजरीपायीच बोके खळ्यात येऊन ओरडतात. त्याच फेरीत तिला रेबीजची लस दे, आणि दात, हिरड्या, अंगावरच्या जुन्या जखमाही दाखव. विशिष्ट जागी हात लागला की चावत असेल तर तिथे दुखतं आहे असं समज. दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नकोस, एक गोळीही मांजराचा जीव घेते.

पुन्हा दात लागलेच तर हात ओढू नकोस. ओढलास की जखम फाटते आणि पळणारी शिकार म्हणून ती जास्त आवळते. हात ढिला सोड, ती सोडेल, मग काही न बोलता उठून आत जा. ओरडणं नाही, हिराची केरसुणी उगारणं नाही. मार खाल्लेली मांजर शेपटी आपटायचं सोडून देते आणि सरळ चावते. आणि कधी नुसतेच दात टेकवून सोडून देते, वळही उठत नाही, तेवढं मनावर घेऊ नकोस.

बंदरावर सोडण्याचं म्हणशील तर अजिबात नाही. तिथल्या बोक्यांनी आणि मांजरींनी आपापल्या जागा वाटून घेतलेल्या असतात. बोळ्याने दूध पिऊन ओटीवर वाढलेलं जनावर तिथे चार दिवसही तग धरणार नाही. पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. हे नवऱ्याला फोनवर ऐकव.

एक गोष्ट मात्र तुझ्यापाशी बोलायची आहे. "यांचा फोन आला नाही की मी तिलाच घेऊन बसते," असं लिहिलंस. त्या संध्याकाळी तुझा हात तिच्यासाठी फिरत नसतो, तो तुझ्यासाठी फिरत असतो, आणि म्हणून थांबत नाही. मुलगी गेल्यापासून घर खायला उठतं, ते समजतं मला. पण तो सगळा भार चार किलोच्या जिवावर टाकू नकोस. तसल्या संध्याकाळी तिला मांडीतून उतरू दे आणि मुलीला फोन लाव, तिलाही तिकडे खोलीवर करमत नसेल. नाहीतर सासूबाईंच्या शेजारी वाती वळायला बस. पत्रभर त्यांच्याबद्दल लिहिलंस, त्यांच्याशी किती बोलतेस ते कुठेच नाही.

आणि तुझा नवरा सुट्टीवर आला की तारलीशी पंजा लढवतो की नाही? लिहिलं नाहीस, पण जहाजावरून आलेले सगळेच बाप्ये ते करतात. दोन महिने हाताला चावायला शिकवतात आणि मग तुमच्या हवाली करून परत जातात. या वेळी बॅग ओटीवर ठेवायच्या आत त्याच्या हातात ती काथ्याची काठी दे.

— माई